बारा नंबरच्या जिल्ह्यातल्या चिठ्ठ्या

सुझान कॉलिन्सचं 'द हंगर गेम्स' या शनिवार-रविवारी पुन्हा एकदा वाचून काढलं. २००८ सालचं पुस्तक. नंतर त्याचे पुढचे भाग आले, सिनेमे आले, २०२५ च्या मार्चमध्ये त्याच जगातली आणखी एक कादंबरी आली. पण ऑफिसात कुणाशी या पुस्तकाबद्दल बोललं की गाडी दोनच स्टेशनांवर थांबते: रिंगणातली मारामारी, आणि कॅटनिसने पीटाला निवडावं की गेलला. मला दोन्हीत फारसा रस नाही. माझ्या मते खरी कादंबरी सुरुवातीच्या काही पानांतच आहे, ती राजधानीची ट्रेन सुटायच्या आधी.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅनेम नावाचा देश. कॅपिटॉल ही श्रीमंत राजधानी, आणि तिला कोळसा, धान्य, मासे पुरवणारे बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात. चोवीस जणांनी एकमेकांना मारायचं, शेवटी एकच उरायचा, आणि हे सगळं टीव्हीवर.

आता चिठ्ठ्यांचा हिशोब बघा. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. इथपर्यंत सगळे सारखे. पण घरात खायला नसेल तर नावाची एक जादा चिठ्ठी टाकायची आणि एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल घ्यायचं. याला टेसेरा म्हणतात. घरातल्या माणसागणिक एक घेता येतो, आणि चिठ्ठ्या वर्षानुवर्षं साठत जातात. कॅटनिस सोळाची, घरात आई आणि धाकटी बहीण. तिच्या स्वतःच्या पाच, अधिक तीन माणसांच्या पाच वर्षांच्या पंधरा, झाल्या वीस. गेल अठराचा, घरात पाच माणसं. सात अधिक पस्तीस, बेचाळीस. मेयरच्या मुलीच्या फक्त पाच.

कोडिंग करणाऱ्या माणसाच्या अंगावर हे डिझाइन बघून काटा येतो, कारण त्यात बग सापडत नाही. टेसेरा घ्यायची सक्ती कुणावर नाही. नाव बघून कुणी चिठ्ठी काढत नाही. नियम सगळ्यांना सारखे. भूक तेवढी सारखी नाही. आणि गंमत म्हणजे त्या वर्षी कॅटनिसच्या बहिणीचं, प्रिमचं नाव निघतं, जिची एकच चिठ्ठी होती. संभाव्यता असलं अधूनमधून करतेच, आणि त्यामुळेच पद्धत सगळ्यांना प्रामाणिक वाटत राहते.

मी वडूजचा. आमचा खटाव आणि शेजारचा माण म्हणजे सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा, पर्जन्यछायेतला भाग. (त्याच जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वर आहे, जिथे लोक पावसाला कंटाळतात.) इथली आणि सांगलीतल्या खानापूर-आटपाडीकडची पोरं पिढ्यान् पिढ्या गलाईला जातात. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. पार केरळ-तामिळनाडूतल्या सराफ बाजारातसुद्धा एखाद्या बोळात भट्टी पेटलेली दिसली, तर आत मराठी बोलणारा माणूस निघायची शक्यता बरीच. भट्टीची धग, अ‍ॅसिडचा धूर, आणि पुष्कळदा झोपायलाही तीच खोली.

२०१३ साली आम्ही दहावीला होतो. दुष्काळाचं वर्ष. पाण्याला टँकर, जनावरांना छावण्या. परीक्षा संपली आणि निकाल लागायच्या आतच वर्गातली काही पोरं परराज्यात गेली. त्यातला एक गणितात माझ्या पुढे होता. त्यांची विहीर आटलेली, मोठ्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज उभं. माझे वडील पगारदार. पाऊस पडो न पडो, महिन्याला पैसे जमा. म्हणजे माझ्या पाच चिठ्ठ्या आणि त्याच्या बेचाळीस.

तुलना फार ताणायची नाही. गलाईला जाणारा कुणी रिंगणात मरायला जात नाही. उलट कित्येकांनी तिकडे स्वतःची दुकानं टाकली, गावात बंगले बांधले, देवळांना देणग्या दिल्या. तो मित्रही आज चांगलं कमावतो, आणि इएमआय बहुधा माझाच जास्त असेल :-) पण 'बघ, शेवटी चांगलंच झालं ना' हे मला पटत नाही. कॅपिटॉलसुद्धा जिंकलेल्याला जिल्ह्याजिल्ह्यातून मिरवतंच की. पुण्यात लंचला मेरिटवर चर्चा निघाली की मी हे सांगून बघतो. हमखास उत्तर येतं, "पण त्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती ना?" नव्हती. गेललाही नव्हती.

गेल एकदा मेयरच्या मुलीवर चिडतो. तिचा छान ड्रेस, तिच्या पाच चिठ्ठ्या. पण एरवी शांत असताना त्याला पक्कं कळतं की टेसेरा म्हणजे गावातल्या उपाशी आणि पोटभर जेवणाऱ्या माणसांत कायमचं भांडण लावून द्यायची सोय आहे. तो परिच्छेद मी दोनदा वाचला. राग भलत्याच दारात नेऊन ठेवणं आपल्याकडेही छान जमतं. शेजारी, भावकी, दुसरी जात, कुणीही चालतं.

वडूजला तो थेट कचेरीच्या दारात गेला होता. ९ सप्टेंबर १९४२. 'चले जाव' होऊन महिना झालेला. वडगावच्या परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा वडूजच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला आला. पोलिसांनी गोळीबार केला. नऊ जण गेले, त्यात घार्गेही होते. आणि साताऱ्यातले लोक गप्प बसले नाहीत. पुढच्याच वर्षी नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं.

कॉलिन्सबाईंशी माझं भांडण इथेच आहे. त्यांच्या जिल्ह्यांना पेटायला एक चेहरा लागतो, एक धनुष्यवाली मुलगी लागते. तिसऱ्या भागात तर बंडखोरच तिला कॅमेऱ्यासमोर उभी करून प्रचाराच्या फिल्मा काढतात. ते त्यांनी मुद्दाम तसं लिहिलंय हे मान्य, आणि तो भाग लोक म्हणतात तितका वाईट मुळीच नाही. तरी वाचताना सारखं वाटत राहतं की बाकीच्या जिल्ह्यांतल्या माणसांची नावं कुठायत? वडूजच्या हुतात्म्यांना स्मारक तरी आहे. शाळेत असताना आम्ही त्याच्यासमोरून रोज सायकली दामटत जायचो.

असो. पुढच्या महिन्यात गावी जाताना भाचीसाठी एक प्रत नेणार आहे. इंग्रजी तिला कितपत झेपेल माहीत नाही, अडलं तर फोन करेल. यंदा तिला बारावं लागलंय.