उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

मोटार ही आता आपल्याकडे चैन राहिलेली नाही. मुलांना शिकवणीला सोडणे, आजीला इस्पितळात नेणे, कास्कावेलहून पोर्ट लुईला नोकरीस जाणे, सारे तिच्यावर चालते. अशी गाडी रात्री चांगली असताना उभी करावी आणि सकाळी किल्ली फिरवताच नुसती टकटक ऐकू यावी, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. त्यानंतर जे घडते त्याविषयी आम्हांला लिहावयाचे आहे. शेजारी तारा जोडून गाडी चालू करून देतो, गॅरेजवाला ‘बॅटरी गेली’ म्हणतो आणि दुपारपर्यंत नवी बॅटरी बसते. मोजलेले मात्र कोणीच काही नसते.

न मोजता बॅटरी बदलणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या एका सहकारी शिक्षिकेने दोन वर्षांत तीन बॅटऱ्या घेतल्या. दोष निघाला तो डिकीतल्या दिव्यात. डिकी बंद होताना दाबले जाणारे बटण अडकले होते आणि बंद डिकीत दिवा रात्रंदिवस जळत होता. दिवा अवघा ५ वॅटचा! पण हिशेब करून पाहावा. १२ व्होल्टवर ५ वॅट म्हणजे सुमारे ०.४ अँपिअर, म्हणजे दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी धरा ४० अँपिअर-तासांची. शुक्रवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी उठणार कशी? नव्या बॅटरीने चार दिवस दोष झाकला जातो इतकेच. शिवाय पुन्हा पुन्हा तळापर्यंत उतरलेली बॅटरी, नवी असली तरी, लवकरच निकामी होते.

थोडी गळती प्रत्येक गाडीत असते, हेही सांगितले पाहिजे. घड्याळ, चोरघंटा, संगणकाची स्मृती यांना वीज लागतेच. २० ते ५० मिलिअँपिअरपर्यंत ती साधारण मानतात. परंतु ५० मिलिअँपिअरही महिन्याला ३६ अँपिअर-तास खातात. म्हणून महिनाभर महाराष्ट्रात नातेवाइकांकडे जाऊन परतल्यावर निर्दोष गाडीही मुकी सापडू शकते. २०२० च्या मार्चमध्ये बेटावर टाळेबंदी झाली तेव्हा उभ्या राहिलेल्या गाड्यांनाही हाच नियम लागू होता. एवढा काळ गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. मात्र रेडिओला सांकेतिक क्रमांक लागत असेल तर तो आधी लिहून घ्यावा.

दोष बॅटरीत की गाडीत, हे ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, काही तास तशीच राहू द्यावी आणि साध्या मीटरने व्होल्ट पाहावेत. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. मग ऋण तार सोडवून रात्रभर ठेवावे. तरीही सकाळी आकडा बराच घसरला तर बॅटरीच गेली. आपल्या उकाड्यात ती तशीही लवकर थकते. आकडा टिकला, पण तार जोडल्यावर पुन्हा उतरू लागला, तर वीज गाडी खाते आहे. इंजिन चालू असताना आकडा बहुधा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. त्याहून बराच कमी असेल तर अल्टरनेटर बॅटरी भरतच नाही, असे समजावे.

गळती शोधताना मीटर १० अँपिअरवर लावून सुटी ऋण तार व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये जोडतात. दारे बंद हवीत, किंवा दाराची कडी पेचकसाने दाबून बंद असल्याचे भासवावे. मग अर्धा तास थांबावे, कारण आतले संगणक झोपी जायला तेवढा वेळ घेतात. इथेच घाईचे लोक फसतात. नंतर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो त्या वाटेवर चोर आहे. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही तर अल्टरनेटर तपासून घ्यावा. मीटर जोडलेले असताना किल्ली फिरवू नये. बॅटरीजवळ सिगारेट पेटवू नये, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो. हायब्रिड गाडीच्या नारिंगी तारांना तर हातच लावू नये.

जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. फ्यूजच्या झाकणावरची नावे जपानी लिपीत असतात. इथे आल्यावर बसवलेला रेडिओ, चोरघंटा किंवा कॅमेरा कोणत्या तारेवर जोडला आहे, हे बसवणाऱ्यालाच ठाऊक. आमचा पहिला संशय नेहमी अशा मागाहून लावलेल्या वस्तूंवर जातो.

शाळेत आपण मुलांना ओहमचा नियम पाठ करायला लावतो, परंतु हातात मीटर क्वचितच देतो. उभ्या गाडीवरचा एक तास त्यांना अँपिअर म्हणजे काय ते चांगले शिकवील. आणि गॅरेजमध्ये गेल्यावर नवी बॅटरी घेण्याआधी ‘गळती किती मिलिअँपिअर आहे?’ असे जरूर विचारावे व तो आकडा बिलावर लिहून मागावा. मोजायला वेळ लागतो. तो देणाऱ्या मेकॅनिकला त्याची मजुरी खुशाल द्यावी.