वेडा डॉक्टर आणि शहाणं जग

भयपट हा काही आपल्या चळवळीचा विषय नव्हे, असं अनेकजणींना वाटेल. त्यातून हे तर युरोपातले, साठ-सत्तरच्या दशकांत कमी पैशांत उरकलेले भयपट. जुना किल्ला, तळघरातली प्रयोगशाळा, ठिणग्या उडवणारी यंत्रं, टेबलावर पट्ट्यांनी बांधलेली तरुण बाई आणि तिच्यावर वाकलेला पांढऱ्या कोटातला प्राध्यापक. बायकांच्या आयुष्यातले एवढे प्रश्न पडलेले असताना यावर पानं कशाला खर्च करायची?

कारण हे चित्रपट परत आले आहेत. त्यांच्या प्रती स्वच्छ करून पुन्हा बाजारात आणल्या जातात, महोत्सवांत दाखवल्या जातात, त्यांच्यावर विद्वत्तापूर्ण लेख लिहिले जातात. आपल्या गटांतल्या तरुण मुली मोबाइलवर ते सहज बघतात. आणि त्यांच्याबद्दल दोनच सूर ऐकू येतात. एक, हा सगळा गलिच्छपणा आहे, बंदी घाला. दुसरा (हा बहुतेक पुरुषांचा), हे तर व्यवस्थेविरुद्धचं बंड आहे, तुम्हाला कला कळत नाही. मला हे दोन्ही सूर मान्य नाहीत.

सुरुवात एका चांगल्या चित्रपटापासून करते, कारण पुढच्या स्वस्त नकला समजायला तो लागतो. १९६० साली जॉर्ज फ्रांजू या फ्रेंच दिग्दर्शकाने ‘चेहरा नसलेले डोळे’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट केला. पॅरिसजवळचा एक नामांकित शल्यचिकित्सक. त्याच्या गाडी चालवण्यामुळे झालेल्या अपघातात त्याच्या मुलीचा, क्रिस्तियानचा, चेहरा जातो. तो तिला मेली असं जाहीर करतो, दुसऱ्याच एका मुलीचं प्रेत आपल्या मुलीचं म्हणून ओळखतो आणि हिला घरात मुखवटा घालून ठेवतो. मग त्याची मदतनीस लुईझ शहरातल्या एकट्या राहणाऱ्या विद्यार्थिनींना गोड बोलून घरी आणते आणि हा त्यांच्या चेहऱ्याची त्वचा काढून मुलीला लावतो. ती टिकत नाही. की पुन्हा दुसरी मुलगी.

लुईझ नीट बघण्यासारखी आहे. तिचा चेहरा याच डॉक्टरने पूर्वी दुरुस्त केलेला आहे. त्या उपकारापोटी ती प्रेतं वाहते, मुली आणते. उपकाराच्या ओझ्याखाली दुसऱ्या बाईला त्याच टेबलावर नेणारी बाई आपल्याला परकी नाही. आपल्या घरांत तिला सासू म्हणतात, काकी म्हणतात, कधी नर्सबाई. तिला नुसतं खलनायिका म्हणून मोकळं होता येत नाही.

हा चित्रपट बनत असताना निर्मात्याला निरनिराळ्या देशांच्या सेन्सॉरची काळजी होती, असं नोंदलेलं आहे. फ्रान्ससाठी फार रक्त नको. इंग्लंडसाठी प्राण्यांचे हाल नकोत. जर्मनीसाठी वेडा डॉक्टर नको, कारण नाझी डॉक्टरांच्या छळछावणीतल्या प्रयोगांची आठवण ताजी होती. मैत्रिणींनो, ही यादी पुन्हा वाचा. रक्ताची काळजी आहे, कुत्र्यांची आहे, डॉक्टरी पेशाच्या अब्रूची आहे. जिवंत मुलीच्या तोंडाची कातडी सोलली जाते, याची काळजी कुणाच्याच यादीत नाही. तेवढं सगळीकडे चालणार होतं!

दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, स्पेनमध्ये हेसूस फ्रांको ऊर्फ जेस फ्रांको याने हीच गोष्ट उचलून ‘रात्रीतल्या किंकाळ्या’ हा चित्रपट काढला. परदेशात तो डॉक्टर ऑर्लोफच्या नावाने गाजला. इथेही डॉक्टर, चेहरा गेलेली मुलगी आणि पळवून आणलेल्या बायका. फरक असा, की या बायका बहुतेक रात्रीच्या नाचगाण्याच्या जागी येणाऱ्या. म्हणजे ज्यांच्या नाहीसं होण्याने समाजाचं फारसं अडत नाही अशा. त्यांना पकडून नेणारा मॉर्फो नावाचा आंधळा, मुका राक्षस आहे, पण राक्षस म्हणण्यासारखं त्याच्यात काय आहे? तो सांगकाम्या आहे. बायका निवडणारा डॉक्टर टापटीप कपड्यातला, शॅम्पेन पाजणारा सद्गृहस्थ आहे.

त्या वेळचा स्पेन कसा होता? जनरल फ्रांकोची हुकूमशाही चालू होती (दिग्दर्शकाचं आडनाव तेच, नातं काही नाही). लग्न झालेल्या बाईला नोकरी करायची, बँकेत खातं उघडायचं तर नवऱ्याची परवानगी लागे. ती अट १९७५ साली गेली. संततिनियमनाची साधनं १९७८ पर्यंत बेकायदा होती आणि घटस्फोट मिळायला १९८१ उजाडलं. सेन्सॉर इतका कडक, की पुढेपुढे तिथले निर्माते एकाच प्रसंगाचं दोनदा चित्रण करत. देशातल्या प्रेक्षकांसाठी अंगभर कपड्यांतली नटी, परदेशी बाजारासाठी उघडी. मारली मात्र ती दोन्हींत जाई. राज्याला आणि चर्चला बाईच्या उघड्या अंगाची भीती वाटत होती. त्या अंगावर चालणाऱ्या सुरीची नाही.

म्हणूनच बंदीची मागणी माझ्या गळ्याखाली उतरत नाही. आपल्याकडे स्त्रियांच्या अश्लील चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६ साली आला, तेव्हाही चळवळीत हा वाद झाला होता. सत्तेच्या हातात कात्री दिली, की ती काय कापते? कपडे किती आहेत ते मोजते. हिंसा तिला दिसतच नाही, कारण ती हिंसा घरातली, दवाखान्यातली, रोजची आणि ओळखीची असते.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळू. ‘ऑर्लोफ’मध्ये वांडा नावाची नर्तकी आहे, इन्स्पेक्टरची वाग्दत्त वधू. ती स्वतःच आमिष बनून डॉक्टरच्या मागावर जाते आणि पोलिसांच्या आधी त्याच्यापर्यंत पोचते. ही धाडसी नायिका, हा स्त्रीवाद, असं सांगितलं जातं. पण ज्या मुली आधी मेल्या त्यांची नावंसुद्धा आपल्या लक्षात राहत नाहीत, आणि वांडा शेवटी सुटते ती होणाऱ्या नवऱ्याच्या हातून. शिवाय वांडा आणि चेहरा बिघडलेली मुलगी या दोन्ही भूमिका डायना लॉरिस या एकाच नटीने केल्या आहेत. बिघडलेली आणि हवीहवीशी, अशा दोन खणांत एकाच बाईला टाकून कॅमेरा मोकळा होतो. फ्रांजूच्या चित्रपटातही पोलीस दुकानात चोरी करताना सापडलेल्या एका मुलीवर दबाव आणून तिला आमिष म्हणून दवाखान्यात पाठवतात. पण तिथे दिग्दर्शकाला ते कळलेलं आहे, आणि आपल्या पोटात कालवतं. फरक पैशांचा नाही, नजरेचा आहे.

१९७१ चा ‘लेडी फ्रँकनस्टाइन’ हा इटालियन चित्रपट तर खुद्द बाईलाच शास्त्रज्ञ करतो. तानिया शल्यचिकित्सा शिकून घरी येते, आणि बाप त्याच्याच राक्षसाच्या हातून मेल्यावर त्याचं काम पुढे चालवते. वाटलं होतं, आता काही वेगळं बघायला मिळेल. मिळतं काय? तिला विज्ञान कशासाठी हवं, तर हुशार पण वयस्क सहाय्यकाचा मेंदू देखण्या, मंदबुद्धी नोकराच्या शरीरात बसवून मनाजोगता पुरुष मिळवण्यासाठी. शेवटी तोच पुरुष तिचा गळा दाबतो. बाई शिकली की तिची वासना सुटते आणि वासनेला शिक्षा मिळते, हे कीर्तन आपण बिनभयाच्या चित्रपटांतही भरपूर ऐकलेलं आहे.

बाईच्या हातात सुरी आली की सगळं बदलतं असंही नाही. न्यूरेंबर्गला १९४६-४७ मध्ये नाझी डॉक्टरांवर खटला चालला, त्यातल्या आरोपींमध्ये एकच बाई होती, हेर्टा ओबरहॉयझर. रावेन्सब्रुकच्या छावणीत पोलिश कैदी बायकांच्या पायांना मुद्दाम जखमा करून त्या चिघळवण्याच्या प्रयोगांत तिचा हात होता. वीस वर्षांची शिक्षा झाली, १९५२ सालीच सुटली आणि पुन्हा दवाखाना थाटून बसली. छावणीतून वाचलेल्या एका बाईने ओळखलं, तेव्हा कुठे १९५८ साली तिचा परवाना गेला.

इथेच मला या चित्रपटांचं खरं महत्त्व वाटतं, आणि त्यांची खरी लबाडीही. ‘वेडा शास्त्रज्ञ’ हा शब्दच सोयीचा आहे. तो वेडा आहे म्हटलं, की बाकीचे डॉक्टर, संस्था, सरकार शहाणे ठरतात. फ्रांजूचा डॉक्टर वेडा नाही. तो सभेत व्याख्यान देतो, टाळ्या घेतो, रुग्णांशी अदबीने बोलतो. आपल्याला भेटलेलेही वेडे नव्हते. १९८५ साली हैदराबादजवळ पटनचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायका गोळा केल्या होत्या. हा प्रयोग आहे, हे त्यांना धड सांगितलंही नव्हतं. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे जाऊन थडकल्या, आणि १९८६ मध्ये त्यांनी आणि दिल्लीच्या सहेलीने इतरांसह सुप्रीम कोर्टात याचिका केली. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस टोचण्याचा प्रकल्प झाला. तो २०१० मध्ये थांबवावा लागला. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात ताशेरे मारले ते संमतीवरच: आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननी, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. लस चांगली की वाईट, हा वेगळा मुद्दा आहे. मुलगी कुणाची आणि सही कुणाची, हा आपला मुद्दा आहे. तिथे तळघर नव्हतं, शाळा होती.

आणखी एक गोष्ट या सगळ्या चित्रपटांत गृहीत धरलेली आहे: चेहरा गेला की मुलीने जगायचं कशाला. क्रिस्तियानला नवा चेहरा हवा का, कुणाच्या जिवावर हवा, हे बाप एकदाही विचारत नाही. ‘ऑर्लोफ’मधली मुलगी तर जवळजवळ पूर्ण वेळ निपचित पडून असते. तिला मत असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. आपल्याकडे ॲसिड हल्ल्यात वाचलेल्या मुलींना घरच्यांनी वर्षानुवर्षं असंच आत ठेवलेलं आहे, ओढणीआड. लक्ष्मीच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आणले आणि किमान तीन लाखांची भरपाई ठरवली. त्याच वर्षी ३२६-अ आणि ३२६-ब ही कलमं दंडसंहितेत आली. २०१४ च्या अखेरीला आग्र्याला अशा मुलींनी चालवलेलं ‘शीरोज’ नावाचं उपाहारगृह सुरू झालं. मुखवटा नाही, ओढणी नाही, उघड्या चेहऱ्याने त्या चहा आणून देऊ लागल्या. असला शेवट त्या कुठल्याच दिग्दर्शकाला सुचला नाही. फ्रांजू मात्र जवळ पोचतो: क्रिस्तियान लुईझच्या गळ्यात सुरी खुपसते, टेबलावरच्या मुलीचे पट्टे सोडते, बापाने प्रयोगांसाठी कोंडलेले कुत्रे मोकळे करते आणि मुखवट्यासह अंधारात चालू लागते. मुखवटा तेवढा तिच्याकडून निघत नाही.

माझी सूचना आहे, की गटांनी फ्रांजूचा चित्रपट एकत्र बसून जरूर बघावा. ऑर्लोफ नाही बघितला तरी चालेल, अर्ध्यात झोप येते. आणि चित्रपट संपल्यावर जवळच्या सरकारी रुग्णालयातलं शस्त्रक्रियेचं छापील संमतीपत्र सगळ्यांच्या हातात द्यावं, मोठ्याने वाचावं, आणि त्यावर सहीसाठी किती जागा आहेत आणि त्या कुणाकुणासाठी आहेत, ते मोजावं.