चमकणारा रेणू पंचगंगेच्या पाण्यातही टिकला पाहिजे

पाणी उकळून प्या, असे आम्ही डॉक्टर रोज सांगतो आणि ते बरोबरच आहे. उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेले शिसे, फ्लोराइड किंवा नायट्रेट मात्र जात नाही. वाफ गेल्यावर त्यांचे प्रमाण उलट थोडे वाढते. या आयनांना रंग नाही, वास नाही. शिशाचा मुलांच्या मेंदूवर किंवा फ्लोराइडचा हाडांवर झालेला परिणाम लक्षात येतो, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

म्हणून आयन ओळखणाऱ्या प्रतिदीप्त रेणूंचे संशोधन महत्त्वाचे. अशा रेणूचा एक भाग ठरावीक आयनाला पकडतो, दुसरा प्रकाश पडल्यावर चमकतो. एका प्रकारात, आयन नसताना पहिला भाग दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन सरकवून चमक दाबून ठेवतो. आयन पकडला गेला की हे थांबते आणि रेणू उजळतो. मूळचे श्रीलंकेचे, बेलफास्टमधील रसायनशास्त्रज्ञ ए. प्रसन्न डी सिल्वा यांनी या तत्त्वावर मोठे काम केले. रक्तातील सोडियम, पोटॅशियम काही मिनिटांत मोजणारी उपकरणे त्यातून घडली.

कोल्हापूरला हा विषय नवा नाही. शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून प्रतिदीप्तीने आयन ओळखण्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. खरी कसोटी पुढे आहे. शुद्ध पाण्यात नीट काम करणारा रेणू पावसाळ्यातल्या गढूळ पंचगंगेत फसू शकतो. गाळ प्रकाश अडवतो. लोह, तांबे चमक विझवतात. त्यामुळे आयन आल्यावर विझणाऱ्या रेणूपेक्षा उजळणारा किंवा चमकेचा रंग बदलणारा रेणू अधिक भरवशाचा. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एक मिलिग्रॅमला उजळणारी पट्टी शंभरपट उशिरा इशारा देईल.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण मिळते. ही पट्टी शेवटी त्यांच्याच हाती जायची आहे. तेव्हा विद्यापीठ, जिल्हा परिषद आणि शासकीय पाणी प्रयोगशाळांनी एकत्र यावे. नदी, विहीर, बोअरचे तेच नमुने दोन्ही पद्धतींनी तपासावेत आणि जुळले नाही तेही जाहीर करावे. अशा परीक्षेत उतरलेली पट्टीच गावात द्यावी. खोटा दिलासा देणारी तपासणी ही तपासणी नसण्यापेक्षा वाईट.