ऐच्छिक

‘ऐच्छिक’ या शब्दावर माझा पूर्वीपासून राग आहे. शाळेत ऐच्छिक विषय घ्यावाच लागे आणि ऐच्छिक वर्गणी न देणाऱ्याचं नाव फळ्यावर लागे. पण या शब्दाने एखाद्याच्या आईला विमानातून खाली उतरवल्याचं मी प्रथमच पाहतो आहे, म्हणून हा खटाटोप.

आमचा भाचा टेक्सासमध्ये असतो आणि गॅरेजात विमान बांधतो. तिकडे याचं कुणाला नवल नाही. घरी विमानं बांधणाऱ्या हौशी लोकांची संघटनाच तिथे 1953 साली निघाली. संच पेट्यांतून घरी येतो. बहुधा आधी शेपूट, मग पंख, मग धड, आणि इंजिन सर्वांत शेवटी. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी हौसेखातर केलेलं असलं पाहिजे, असा तिथला नियम. म्हणजे भाजणी विकतची चालेल, चकल्या घरच्या हव्यात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी तर भाजणीही घरीच केली. स्वतःच्या आराखड्यावरून कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मुंबईकरांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि 2017 साली त्याची रीतसर नोंदणी झाली. तेव्हा हौसेबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती संचाबरोबर येणाऱ्या ऐच्छिक भागांच्या यादीबद्दल, आणि ती यादी हातात पडताच ज्यांच्या पेनाला आवर राहत नाही त्यांच्याबद्दल.

भाचा डिसेंबरात पन्हाळ्याला ताईकडे आला तो ही यादी घेऊनच. पन्हाळ्यात सकाळी फिरणाऱ्या निवृत्त मंडळींना दुसरा उद्योग काय? तबक बागेत दोन फेऱ्या झाल्या की सगळे ताईच्या ओसरीवर. ज्यांनी आयुष्यात एसटीची खिडकी सोडून दुसरी काच उघडली नाही, ते भाच्याला सांगू लागले, “घेतोयस तर दोन पडदे घे रे, एक बंद पडला तर?” एकांनी सीट लेदरचीच हवी म्हणून हट्ट धरला. दुसऱ्यांनी चाकांवर टोप्या सुचवल्या. वारा कमी अडतो म्हणून त्या खरोखरच लावतात, पण या गृहस्थांना त्या ‘बऱ्या दिसतात’ म्हणून हव्या होत्या.

ही आमची जुनी खोड. स्कूटर शोरूममधून घरी पोचायच्या आधी आम्ही तिला क्रॅशगार्ड, काच, स्टेपनीचं कव्हर, मडफ्लॅप आणि साडीवालीसाठी पायटा लावून आणत असू. स्कूटर बिचारी बोलत नसे. चढावर फार तर पहिल्या गिअरात कण्हत असे. विमानाला मात्र हिशेब कळतो.

तो हिशेब मी ताईच्या दूधवाल्याच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला. भाच्याचं विमान दोन आसनी. उडताना एकूण वजन 600 किलोंच्या वर न्यायचं नाही. नुसतं विमान 340, पेट्रोल 54. उरले 206. आता यादी. रंग 10, दुसरा पडदा आणि ऑटोपायलट 5, लेदर आणि गालिचा 6, टोप्या आणि शोभेचे दिवे 6, पॅराशूट 15, आणि भरलेली जादा टाकी 29. बेरीज 71. उरले 135. भाचा 92 किलोंचा, तिकडचं खाणं! राहिले 43. ताईचं वजन 58. म्हणजे पंधरा किलो ताई धावपट्टीवर राहिली.

आणि हे विमान कशासाठी चाललंय? तर आईला त्यातून फिरवायचं म्हणून. सुरुवातीच्या चाचणीच्या उड्डाणांत, ती पंचवीस-चाळीस तास तरी चालतात, प्रवासी न्यायचा नाही असा तिकडे नियम आहे. तो ऐकल्यापासून ताईने स्वतःच ते तास कॅलेंडरवर मोजायला घेतले आहेत.

तर पंधरा किलो कमी करायचे. ओसरीने एकमुखाने सुचवलं, पॅराशूट काढा! “पॅराशूट काय रोज लागतंय?” इथे मात्र माझा तोल गेला. हे पॅराशूट पाठीवर बांधायचं नसतं. एक लहानसा रॉकेट ते बाहेर ओढतो आणि अख्खं विमान माणसांसकट त्याला लटकत खाली येतं. 1975 साली बोरिस पोपॉव नावाचा गृहस्थ हँग-ग्लायडरसकट कोसळला, पडता पडता त्याला ही गरज कळली आणि जगला-वाचला म्हणून पुढे त्याने त्याचा कारखाना काढला. सिरस कंपनीने तर ते आपल्या विमानांत मूळ सामानातच धरलं. लेदर आवश्यक आणि पॅराशूट ऐच्छिक, ही वाटणी केली कुणी? रोज न लागणाऱ्या वस्तूच काढायच्या, तर घरातला विम्याचा कागद आधी रद्दीत घाला!

मी म्हटलं, मंडळी, आपण राहतो कुठे? त्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं आहेत. 1660 च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा सोबत निवडक माणसं घेतली. कोठारं जागच्या जागी राहिली. आणि काय राहू द्यायचं हे न ठरवता पावसातल्या त्या रात्री कुणाला निघता आलं असतं का? यावर ओसरी दोन मिनिटं गप्प होती. मग एकजण म्हणाले, “पण टाकी रिकामी ठेवता येते की!” येते ना. मग लावायची कशाला?

यादीत खर्चापेक्षा मोठी गोष्ट असते ती वेळ. एकेका खुणेमागे आठवडे जातात. बसवा, तारा ओढा, पुन्हा उघडा, तपासा. तिकडे कितीतरी संच अर्धवट अवस्थेत दुसऱ्याला विकले जातात. भाच्याला पन्नाशी लागली आहे, ताईला पंचाहत्तरी. दोघांपैकी कुणाचंही वय ऐच्छिक नाही.

शेवटी टाकी गेली. लेदर आणि गालिचा गेला. रंगही राहू दे, ॲल्युमिनियम चकचकीत दिसतं, असं ताईनेच सांगितलं. पॅराशूट राहिलं. ताई बसून तीस किलो शिल्लक पडतात. त्यात तिची पिशवी, कांदा-लसूण चटणीसकट.

सध्या फोनवरून वाद चालू आहे तो कप ठेवायच्या कडीवर. वजन अडीचशे ग्रॅम. मी काढ म्हणतो. ताई म्हणते, “राहू दे रे, चहा कुठे ठेवू मग?”