मावळतीची खिडकी आणि हुशार पडदा

दोस्तांनो, बटण दाबलं की पडदा खाली, पुन्हा दाबलं की वर! काही पडद्यांना तर बटणही लागत नाही. ठरलेली वेळ झाली किंवा ऊन चढलं, की ते आपले आपणच उलगडतात. असे मोटारीचे 'स्मार्ट' पडदे आता आपल्याकडच्या दुकानांतही मिळतात. तुमच्या घरी ते घ्यायची चर्चा निघाली, तर लगेच "घ्याच!" म्हणून ओरडू नका. आधी घराच्या खिडक्यांकडे नीट पाहू या.

या पडद्याचं पोट आधी उघडून बघू. वर एक पोकळ नळी असते आणि कापड तिच्याभोवती गुंडाळलेलं असतं. मोटार असते त्या नळीच्या आतच! मोटार फिरते खूप वेगाने. पण तिच्यातली दातेरी चाकं हा वेग कमी करतात आणि त्या बदल्यात जोर वाढवतात. गिअरच्या सायकलने चढ चढताना आपण हेच करतो, नाही का? पडद्याने कुठे थांबायचं ते बसवतानाच ठरवून दिलेलं असतं. तिथे पोचला की मोटार बंद. आता तिला हुकूम कोण देणार? कधी रिमोट, कधी घड्याळ, कधी उजेड ओळखणारा संवेदक, तर कधी फोन. झाला पडदा 'स्मार्ट'!

पण कोणत्या खिडकीला पडदा लावावा, हे मोटारीला कुठून कळणार? ते आपणच ठरवायला हवं.

महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य अगदी आपल्या डोक्यावर येतो. मुंबई-पुण्याला त्यातला पहिला दिवस मे महिन्याच्या मध्याला येतो. तेव्हा उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच लपते. म्हणजे मे महिन्यातलं भर दुपारचं ऊन गच्चीवर पडतं. दक्षिणेच्या खिडकीतून ते फारसं आत येत नाही. मग खोली तापवतं कोण? पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडकीतून येणारं तिरपं ऊन. त्यातही पश्चिमेची खिडकी भारी खट्याळ! दुपारपर्यंत हवा आणि भिंती तापलेल्या असतातच. त्यात सूर्य कलला, की ऊन छज्ज्याखालून थेट पलंगापर्यंत पोचतं. तेव्हा पैसे मोजकेच असतील, तर पहिला मान मावळतीच्या खिडकीला द्यायचा.

आता दुसरा प्रश्न. पडदा काचेच्या आत की बाहेर? काच उन्हाला सहज आत सोडते. ते ऊन आतल्या पडद्यावर पडतं आणि पडदा तापतो. तापलेल्या पडद्यातूनही उष्णतेचे किरण निघतात. पण त्यांच्या लहरी लांब असतात आणि काच त्यांना आरपार जाऊ देत नाही. म्हणजे उष्णता घरातच अडकली! पडदा काचेच्या बाहेर असेल, तर ऊन दारातच अडतं. गॅलरीत बांबूची चिक सोडणाऱ्या आणि उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना हे पक्कं ठाऊक होतं. बाहेर लावायचा पडदा मात्र वारा-पावसात टिकणारा हवा. बाहेर जागाच नसेल, तर आतल्या पडद्याची काचेकडची बाजू पांढरी घ्या. ती बराचसा उजेड आल्या वाटेने परत पाठवते.

मग मोटार हवी कशाला? जिथे हात पोचत नाही तिथे, म्हणजे जिन्यावरच्या उंच खिडकीला. आजोबांना उठता येत नसेल, तर त्यांच्या खोलीत. आणि दुपारी आई-बाबा कामावर, तुम्ही शाळेत, मागे घर तापतंय, अशा घरात. दीड-दोनच्या सुमारास पडदा आपोआप खाली आला, तर संध्याकाळी खोली भट्टी झालेली नसते. पण ज्या खिडकीशी बसून तुम्ही अभ्यास करता, तिला मोटार कशाला? तिथे हात आहेत की!

शिवाय फिरणारे भाग जितके जास्त, तितकी दुरुस्ती जास्त. पॅरिसमध्ये 1987 साली 'अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूट'ची इमारत उभी राहिली. तिच्या दक्षिणेच्या भिंतीवर 240 चौकोनी जाळ्या आहेत. उन्हाप्रमाणे त्यांच्या झडपा कॅमेऱ्याच्या डोळ्यासारख्या उघडतात, मिटतात. मोठी देखणी कल्पना! पण ती नाजूक यंत्रणा वारंवार बिघडत राहिली. म्हणून दुकानदाराला जरूर विचारा: वीज गेली तर पडदा कसा चालेल? इंटरनेट बंद असताना निदान रिमोट चालेल ना? मोटार बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आई-बाबांनाही हे वाचून दाखवा. साध्या गुंडाळायच्या पडद्यांची लोंबती दोरी किंवा मण्यांची साखळी छोट्या मुलांच्या गळ्यात अडकू शकते, आणि मिनिटभरातच जिवावर बेतू शकतं. अशा दुर्घटना झाल्यामुळेच अमेरिकेत 2018 साली तयार पडद्यांचे नियम बदलले आणि लोंबत्या दोऱ्या हटवायचं ठरलं. मोटारीचा हा खरा मोठा फायदा: दोरीच नाही! घरात दोरीचे पडदे असतील, तर दोरी उंच, घट्ट बांधा आणि बाळाचा पाळणा खिडकीपासून दूर ठेवा.

पण दोरी गेली तरी रिमोट आला, आणि पुष्कळ रिमोटमध्ये नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. बाळाने ती गिळली, तर दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. तेव्हा रिमोट स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाचाच घ्या आणि उंचावर ठेवा. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न बघता ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

करून पाहा: येत्या रविवारी दर तासाला घरातल्या प्रत्येक खिडकीत ऊन आहे का ते पाहा आणि वहीत तक्ता करा. मग सलग दोन दुपारी मावळतीच्या खिडकीवर चादर लावा, एक दिवस काचेच्या आतून, दुसऱ्या दिवशी बाहेरून. बाहेरची चादर मोठ्यांनीच बांधायची, आपण खिडकीबाहेर वाकायचं नाही! दोन्ही दिवशी चार वाजता काचेच्या आत हात धरून पाहा. फरक तळहातालाच कळेल. मग तो तक्ता आई-बाबांपुढे ठेवा. पडदा घ्यायचा की नाही, आणि घेतला तर कुठे, हे तुमची वहीच सांगेल!