ऑइल गळालं? सेल मारायची घाई नको

इंजिनचं ऑइल गळालं की आपल्याकडे एकच उपाय, डबा ओतायचा आणि सेल मारायचा. याच घाईने साधं ऑइलसीलचं काम क्रँक ग्राइंडिंगपर्यंत जातं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रेशरचा काटा खाली पडल्यावर इंजिन किती वेळ चाललं, हे तांडेलाने खरं सांगावं आणि मालकाने न ओरडता ऐकावं. निम्मं निदान तिथेच होतं. मग फिल्टर कापून आतला कागद उलगडा. चकाकणारा चुरा दिसला तर बेअरिंगवरच संशय घ्या. लोहचुंबकावर विसंबू नका, बेअरिंगचा पांढरा किंवा तांबूस धातू त्याला चिकटतच नाही! डिझेल बंद ठेवून पान्याने क्रँक हाताने फिरवा. अडकली तर मेकॅनिक येईपर्यंत सेलला हात लावू नका. मोकळी फिरली, चुराही नाही, तरी गळती काढून आधी धक्क्यालाच चालवा आणि इंजिन गरम झाल्यावर काटा पुन्हा बघा. एक फेरी बुडाली तर बुडू दे.

आणि बोटीच्या तळात साचलेलं ऑइल पंपाने बाहेर मारू नका, डब्यात काढा. उळवीच्या जोयडा तालुक्यातून येणारी काळी नदी कारवारला समुद्राला मिळते, तिच्या मुखाशी आपल्याच लोकांची जाळी असतात.