डोळा निरोगी, तरी दृष्टी अधू

धरण भरले म्हणून शेत भिजत नाही, हे नीरा डाव्या कालव्याच्या टेलला असलेल्या इंदापूरच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कालवा, वितरिका, चारी हा सगळा रस्ता चालू असेल, तरच आवर्तनाचे पाणी बांधापर्यंत येते. वापरात नसलेली चारी गाळाने भरते, तिच्यात गवत माजते. पुढे धरण कितीही भरले, तरी त्या चारीखालचे शेत कोरडेच राहते.

मुलांच्या दृष्टीचेही असेच होते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत लहान मुलांची नेत्रतपासणी कधी आणि कुठे व्हावी, हे ठरवताना ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

प्रत्येक डोळ्यातून सुमारे दहा लाख तंतूंची एक नस निघते. दोन्ही नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. तिथे निम्म्याच्या आसपास तंतू बाजू बदलतात आणि बहुतेक सगळे थॅलॅमस या भागात पोहोचतात. थॅलॅमस म्हणजे इंद्रियांकडून आलेले संदेश पुढे पाठवणारे मेंदूतील मोठे ठाणे. त्यातला दृष्टीचा कप्पा गुडघ्यासारखा वाकलेला असतो. त्याचे नाव लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस. मकाक माकडांत आणि माणसांत या कप्प्यात पेशींचे सहा मुख्य थर असतात. तीन थर एका डोळ्याचे, तीन दुसऱ्याचे. एका डोळ्याचा संदेश दुसऱ्याच्या थरात मिसळत नाही. खालचे दोन थर हालचाल टिपणाऱ्या मोठ्या पेशींचे, वरचे चार बारकावे आणि रंग टिपणाऱ्या लहान पेशींचे. इथून संदेश मेंदूच्या मागच्या भागात जातो आणि मगच दिसते.

ही व्यवस्था जन्मतः बरीचशी तयार असते, पण ती पक्की होते वापराने. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. डोळा उघडल्यावर तो तपासला, तर दृष्टिपटल ठणठणीत होते. थॅलॅमसमधील त्या डोळ्याच्या थरांतल्या पेशी मात्र खुरटल्या होत्या आणि मेंदूतील त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने व्यापली होती. पुढे माकडांतही असेच आढळले. प्रौढ प्राण्याचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला, तर फारसे काही बिघडत नव्हते. दृष्टीवरील संशोधनासाठी दोघांना 1981मध्ये नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

माणसांत या दोषाला ‘आळशी डोळा’ म्हणतात. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, डोळा तिरळा असेल किंवा जन्मतः मोतीबिंदू असेल, तर मेंदूला त्या डोळ्याकडून स्पष्ट चित्र मिळत नाही. मग तो त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. अशा व्यक्तींच्या एमआरआय अभ्यासांत त्या डोळ्याला थॅलॅमसकडून मिळणारा प्रतिसादही क्षीण दिसला आहे. दर शंभर मुलांमागे एक ते तीन मुलांना हा दोष असतो, असा साधारण अंदाज आहे.

यातली अडचण अशी, की मूल तक्रारच करत नाही. दुसरा डोळा सगळे निभावून नेतो. मूल पळते, खेळते, मोबाइल पाहते; घरच्यांना शंका येत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचून घेतला, तर तपासणीतही ते निसटते.

उपचार मात्र साधे आहेत. योग्य नंबरचा चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. मध्यम स्वरूपाच्या दोषात दिवसाला दोन तास पट्टीही पुरते, असे चाचण्यांत दिसले आहे. सातव्या वर्षाआधी सुरुवात झाली, तर फायदा सर्वाधिक. नंतरही उपयोग होतो, पण तो घटत जातो. इथेच आजोबांच्या आणि नातवाच्या मोतीबिंदूत फरक पडतो. आजोबांची वाट आयुष्यभर वापरलेली असते. शस्त्रक्रिया वर्षभर लांबली, तरी नंतर बहुधा नजर परत येते. नातवाच्या बाबतीत आठवड्यांचा हिशेब असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013पासून सुरू आहे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करण्याची त्यात तरतूद आहे. कागदावर ही सोय चांगली आहे. पण माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांची धुराडी पेटली, की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. सोबत लहान मुलेही येतात. पाच-सहा महिने त्यांचा मुक्काम फडाजवळच्या कोपीत असतो. गावाकडच्या अंगणवाडीत पथक येते तेव्हा मूल इथे असते. इथल्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव नसते. तीन ते सहा ही वयाची वर्षे अशा तीन हंगामांत निघून जातात.

म्हणून तपासणी मुलांच्या मागे जायला हवी. हंगाम सुरू होताच प्रत्येक कारखान्याच्या तळावर एक दिवस ठरवावा. कोणती टोळी कुठे उतरली, हे कारखान्याला आणि मुकादमाला ठाऊक असतेच. चित्रांचा तक्ता लावून, एकेक डोळा नीट झाकून पाहणे, हे काम प्रशिक्षित अंगणवाडी सेविकाही करू शकते. नेत्रतज्ज्ञांची कमतरता ही सबब इथे टिकत नाही, कारण तज्ज्ञाकडे फक्त संशयित मुलेच पाठवायची आहेत. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुढची तपासणी तालुक्याबाहेर न जाता व्हायला हवी. चष्मा त्याच हंगामात हातात पडावा आणि नोंदीचा कागद मुलासोबत गावी जावा. पट्टीचा उपचार महिनोन्महिने चालतो, तो अर्ध्यात सुटता कामा नये.

स्थानिक मुलांसाठीही पहिलीत प्रवेशाची वाट पाहणे उशिराचे ठरू शकते. वयाच्या चौथ्या वर्षी प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र तपासणी व्हावी. बाहुलीत पांढरट झाक किंवा तिरळेपणा दिसला, तर वय न पाहता लगेच दवाखाना गाठावा. तिरळेपणा शुभ मानून थांबणे मुलाला महागात पडते.

मोतीबिंदूची शिबिरे दरवर्षी होतात, व्हायलाच हवीत. त्याच मांडवात मुलांसाठी एक टेबल वाढवायला फार खर्च येत नाही. चारी वेळेत साफ झाली नाही तर पुढचे आवर्तन तरी असते; मुलाच्या डोळ्याला दुसरे बालपण मिळत नाही.